कॅल्शियम स्कोअर ८४ आला, म्हणजे ८४ टक्के ब्लॉकेज का?

प्रश्न: वय ४६, पुरुष, राहणार घोडबंदर रोड, ठाणे. सोसायटीतल्या आरोग्य शिबिराच्या पॅकेजमधून हृदयाचा सीटी कॅल्शियम स्कोअर करून घेतला. ८४ आला. रिपोर्टचा फोटो सोबत जोडला आहे. त्रास काही नाही, रोज सकाळी उपवनला चार किलोमीटर चालतो, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आहे. एलडीएल १४२, तीन महिन्यांची साखर ६.१, बीपी १३८/८८. सिगारेट-तंबाखू नाही. वडिलांना ५२ व्या वर्षी ॲटॅक आला होता. मेहुणे म्हणतात, लगेच ॲन्जिओग्राफी कर. घरी दूध आणि नाचणी बंद झाली आहे. ८४ म्हणजे ८४ टक्के ब्लॉकेज का? धाकटा भाऊ ४२ वर्षांचा आहे, खारघरला असतो, त्यालाही ही तपासणी करायला सांगू का?

उत्तर:

आधी मेहुण्यांना फोन करून सांगा की ॲन्जिओग्राफीची तारीख घ्यायची नाही. मग घरी सांगा, दूध आणि नाचणी परत सुरू करा. आणि आता निवांत बसून पुढचं वाचा, कारण ८४ विसरून जा असंही मी म्हणणार नाहीये.

८४ म्हणजे ८४ टक्के ब्लॉकेज नव्हे. ठाण्यात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला वरचेवर येतो आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा दोन-तीन रात्री धड झोपलेला नसतो. हा आकडा टक्क्यांत असता तर शंभरावर थांबला असता. कॅल्शियम स्कोअरला वरची मर्यादाच नाही. दोन हजारांच्या वर स्कोअर असलेले आणि लिफ्ट बंद म्हणून दोन जिने चढून आलेले पेशंट मी पाहिले आहेत. रक्तवाहिनी कुठे किती अरुंद झाली आहे हे या तपासणीत दिसतच नाही. त्यासाठी शिरेतून डाय देऊन केलेली सीटी ॲन्जिओग्राफी किंवा मनगटातून नळी घालून केलेली ॲन्जिओग्राफी लागते. तुमच्या स्कॅनला ना इंजेक्शन दिलं, ना डाय. छातीला ईसीजीचे पॅच लावले, दहा-बारा सेकंद श्वास रोखायला सांगितला आणि झालं.

मग त्या दहा-बारा सेकंदांत मशीनने पाहिलं काय?

ठाण्यात राहणाऱ्याला ओल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पाऊस लागला की पश्चिमेच्या भिंतीत पाणी मुरतं, रंगाखाली फुगवटा येतो, पोपडे सुटतात. मग गवंडी बोलावून आपण तेवढ्या भागावर सिमेंटचा हात फिरवून घेतो. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतही असंच चालतं. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण आतल्या नाजूक अस्तरातून भिंतीत मुरतात. त्यांना उचलायला पांढऱ्या पेशी येतात, ते कण खाऊन फुगतात, तिथेच मरतात, आणि त्या जागी सूज कायम राहते. या सगळ्या राड्याचा जो थर बनतो त्याला आम्ही प्लाक म्हणतो. काही वर्षांनी शरीर त्या थरात कॅल्शियम बसवायला लागतं. ती शरीराने केलेली डागडुजी. एकूण प्लाकचा साधारण पाचवा हिस्साच कॅल्शियमचा असतो. म्हणजे स्कॅनमध्ये दिसते ती फक्त डागडुजी, ओल दिसत नाही. पण एवढी डागडुजी करावी लागली तर भिंतीत ओल किती मुरली असेल, हे त्यावरून कळतं.

लोकांच्या डोळ्यांसमोर चुन्याने तुंबलेला पाइप असतो, म्हणून घोटाळा होतो. प्लाक भिंतीच्या आत वाढतो. सिमोर ग्लॅगोव्ह या संशोधकाने १९८७ साली मृतांच्या हृदयांचा अभ्यास करून दाखवलं की प्लाक वाढायला लागला की वाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते, आणि साधारण ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत रक्ताचा मार्ग फारसा आकसत नाही. तुमची स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली ती याच कारणाने. ट्रेडमिलवर धावताना ईसीजी बदलायला रस्ता बराच अरुंद व्हावा लागतो, ढोबळमानाने ७० टक्क्यांच्या आसपास. त्याच्या आतला आजार तिला दिसत नाही. म्हणून दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे आहेत. आज तुमचा रक्तपुरवठा व्यवस्थित आहे, आणि वाहिनीच्या भिंतीत आजार सुरू झालेला आहे.

तुमच्या रिपोर्टचा फोटो मी मोठा करून पाहिला. डावी मुख्य वाहिनी ०, एलएडी म्हणजे समोरून उतरणारी ६१, सर्कमफ्लेक्स म्हणजे डावीकडून मागे वळणारी ८, उजवी १५. बेरीज ८४. हे आकडे कसे येतात ते कळलं की भीती निम्मी होते, म्हणून सांगतो. ही पद्धत आर्थर ॲगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली, म्हणून रिपोर्टवर ‘ॲगॅटस्टन स्कोअर’ असं छापलेलं असतं. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाण्याची शून्य, हवेची उणे १०००. वाहिनीवरचा जो ठिपका १३० किंवा त्याहून जास्त घन आणि किमान १ चौरस मिलिमीटरचा असेल तो कॅल्शियम धरायचा. मग त्या ठिपक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्याला घनतेप्रमाणे गुणायचं. सर्वाधिक घनता १३० ते १९९ असेल तर १ ने, २०० ते २९९ ला २ ने, ३०० ते ३९९ ला ३ ने, ४०० आणि पुढे ४ ने. समजा उजव्या वाहिनीत ५ चौरस मिलिमीटरचा एक ठिपका आहे आणि त्याची घनता ३२० आहे. ५ गुणिले ३, झाले १५. तुमच्या रिपोर्टमधला उजवीचा अख्खा आकडा एवढाच आहे. तांदळाच्या दाण्याहून लहान ठिपका. सगळ्या कापांमधल्या, चारही वाहिन्यांमधल्या अशा ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर.

आता ८४ चा अर्थ. रिपोर्टच्या खाली एक छापील तक्ता असतो: ० म्हणजे काही नाही, १ ते ९९ सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० पासून पुढे गंभीर. तुम्ही ‘सौम्य’ च्या रकान्यात बसता. या शब्दावर माझा आक्षेप आहे, आणि तो मी रेडिओलॉजीच्या मित्रांनाही बोलून दाखवतो. ७२ वर्षांच्या गृहस्थांचा स्कोअर ८४ आला तर तो वयाला धरूनच आहे. ४६ व्या वर्षी निम्म्याहून जास्त पुरुषांचा स्कोअर शून्य असतो. त्या वयात ८४ म्हणजे तुमच्याएवढ्या चार पुरुषांपैकी तिघांपेक्षा तुमच्या वाहिन्यांत जास्त कॅल्शियम आहे. आकडा लहान आहे, पण वयाच्या मानाने पुढे गेलेला आहे. सौम्य हा शब्द वाचून जो माणूस फाइल कपाटात ठेवून देतो, त्याची मला जास्त काळजी वाटते. घाबरून पत्र लिहिणारा निदान पुढे काहीतरी करतो.

ही तुलना ज्या अभ्यासाच्या आधारे होते त्याचं नाव मेसा. तो अमेरिकेत २००० साली सुरू झाला, ४५ ते ८४ वयाच्या, हृदयविकार नसलेल्या ६,८१४ लोकांवर. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की शून्य स्कोअरवाल्यांच्या तुलनेत १ ते १०० वाल्यांना हृदयाचा त्रास होण्याची शक्यता तीनपटीहून जास्त, १०१ ते ३०० ला सातपटीहून जास्त आणि ३०० च्या वर जवळपास दहापट. पटींचे आकडे ऐकून दचकू नका. शून्यवाल्यांची मूळ शक्यता फार कमी असते, त्याची ही पट आहे. मात्र त्या अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अमेरिकन होते. आपले लोक त्यात नव्हते. २०१० साली तिथल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी वेगळा अभ्यास सुरू झाला, त्याचं नावच मसाला. सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथले ९०६ जण. त्यात आपल्या पुरुषांमधलं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकंच निघालं. म्हणून तुमच्यासाठी मेसाचा तक्ता मी वापरतो, पण वापरताना हात थोडा राखून ठेवतो. आपल्याकडे झटका तुलनेने कमी वयात येतो हे या परिसरातल्या कुठल्याही हृदयरोग विभागात आठवडाभर उभं राहिलं तरी कळतं.

तुमच्या बाबतीत हा स्कॅन उपयोगी ठरला, आणि तो का ठरला ते नीट समजून घ्या, कारण भावाच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

स्कॅनच्या आधी तुम्ही माझ्याकडे आला असतात तर मी तळ्यात-मळ्यात असतो. एलडीएल १४२ वाईट, पण भयंकर नाही. साखर ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, मधुमेह नाही. बीपी काठावर. वय कमी असल्यामुळे दहा वर्षांच्या जोखमीचे कॅल्क्युलेटर तुम्हाला कमीच आकडा दाखवतात, कारण त्या गणितात वयाचं वजन सगळ्यात जास्त. दुसऱ्या पारड्यात वडिलांचा ५२ व्या वर्षीचा ॲटॅक. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो अकाली धरतात आणि मुलांची जोखीम वाढते. अमेरिकन तज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हीसुद्धा जोखीम वाढवणारी बाब म्हणून नोंदवली आहे. अशा वेळी आयुष्यभराची गोळी द्यावी की वर्षभर आहार-व्यायामावर पाहावं, हा निर्णय खरोखर अवघड असतो. कॅल्शियम स्कोअर अशा अडलेल्या निर्णयासाठीच आहे. तुमच्यापुरता तो निर्णय ८४ ने केला. तुम्ही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

ही गोळी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पाहून सुरू करा. असा पेशंट माझ्यासमोर असतो तेव्हा मी एलडीएल ७० च्या खाली आणायचा प्रयत्न करतो. सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा लिपिड (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करायचं, नाहीतर गोळी काम करते की नाही हे कळायचं कसं? काहींना स्नायू दुखतात. तसं झालं तर स्वतःहून बंद न करता सांगायचं, डोस किंवा औषध बदलता येतं. साखर किंचित वाढू शकते आणि तुमची ६.१ आहे, म्हणून ती दर सहा महिन्यांनी पाहू. त्या किंचित वाढीपेक्षा झटका टाळण्याचा फायदा पुष्कळ मोठा आहे. ‘एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते’ असं लोक तक्रारीच्या सुरात म्हणतात. हो, बहुतेकांना घ्यावी लागते, कारण ओल येणं बंद होत नाही. बीपी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. ॲस्पिरिन मात्र कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. झटका न आलेल्या माणसात त्याने पोटात आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि तुमच्या स्कोअरला तो धोका पत्करण्यासारखं काही नाही.

आता ॲन्जिओग्राफी. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे. घरातल्या माणसाला वाटतं, एकदा आत बघून घेऊ, असेल काही तर स्टेंट टाकून मोकळे होऊ. हीच चूक मी स्वतः प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत केली आहे. ५८ वर्षांचे एक बँकेतले गृहस्थ, स्कोअर साडेतीनशेच्या आसपास, त्रास शून्य. त्यांच्या घरच्यांच्या आणि माझ्याही भीतीपोटी मी त्यांना ॲन्जिओग्राफीला पाठवलं. एका वाहिनीत ५० टक्क्यांचं अरुंदपण निघालं, ज्याला स्टेंट लागत नाही. मनगटाची धमनी बंद पडली, हात महिनाभर दुखत राहिला, आणि शेवटी त्यांना दिली ती गोळी, जी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. तो हात चोळत समोर बसलेला माणूस मला अजून आठवतो. पुढे २०२० साली ‘इस्केमिया’ हा ५,१७९ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या लोकांचा आजार स्थिर होता, पण तपासणीत रक्तपुरवठा मध्यम ते बराच कमी पडत होता. त्यांच्यातही आधी औषधं आणि सरसकट लगेच स्टेंट-बायपास यांची तुलना केली तर मृत्यू किंवा झटके लगेच हस्तक्षेप केल्याने कमी झाले नाहीत. ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं स्टेंटने कमी झालं, हे खरं. तुम्हाला दुखतच नाही.

याची उलट बाजू यापेक्षा महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घेतो.

काही वर्षांपूर्वी एक ४४ वर्षांचे गृहस्थ आले. रबाळे एमआयडीसीत नोकरी, रोज ट्रान्स-हार्बर लोकल, तंबाखू दिवसाला दोन पुड्या. महिनाभर ठाणे स्टेशनचा पूल चढताना छातीच्या मधोमध आवळल्यासारखं व्हायचं, जबड्यापर्यंत जायचं, वर जाऊन थांबलं की पाचेक मिनिटांत कमी. एका ठिकाणी त्यांचा कॅल्शियम स्कोअर केला होता. शून्य. ‘हार्ट क्लिअर आहे, गॅस असेल’ असं सांगून पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं होतं. तो शून्यचा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला. मी त्यांना फक्त एकच विचारलं, ‘पूल उतरताना होतं का?’ म्हणाले, ‘नाही, चढतानाच.’ त्याच दिवशी ॲडमिट केलं. एलएडीच्या सुरुवातीलाच ९० टक्के अडथळा होता. सगळा मऊ प्लाक, कॅल्शियमचा कण नाही. ओल ताजी होती, डागडुजी अजून सुरूच झाली नव्हती.

तरुण, तंबाखू खाणाऱ्या, मधुमेही माणसात हे होऊ शकतं. म्हणून त्रास असेल तर कॅल्शियम स्कोअरचा शून्य बाजूला ठेवायचा. चढताना, ओझं उचलताना, जेवून भरभर चालताना छातीत दडपण, आवळ, जळजळ, आणि थांबल्यावर कमी, ही तक्रार हृदयाची नाही असं सिद्ध होईपर्यंत हृदयाचीच. स्वस्थ बसलं असताना असं होऊन पंधरा मिनिटांत थांबलं नाही, घाम फुटला, तर सोडा-लिंबू पिऊन वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या जागी जाऊन ईसीजी आणि ट्रोपोनिन (झटका ओळखायची रक्ततपासणी) करायचं. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढंच असू शकतं. तुमचं उपवनचं चालणं बिनधास्त चालू ठेवा, येऊरचा चढही चढा, फक्त यातलं काही जाणवलं तर त्याच आठवड्यात दाखवायला या, मग मागची स्ट्रेस टेस्ट कितीही चांगली असो.

शून्याचा खरा उपयोगही सांगतो. नौपाड्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, वय ६४, एलडीएल १५०, बीपीला एक गोळी, मधुमेह नाही, घरात कुणाला हृदयविकार नाही. स्टॅटिन घ्यायला त्या मनापासून तयार नव्हत्या, आणि मीही ठाम नव्हतो. स्कोअर काढला, शून्य आला. त्या वयात शून्य हा फार मोलाचा असतो. पुढची काही वर्षं झटक्याची शक्यता खूपच कमी. आम्ही गोळी लांबणीवर टाकली, पाच वर्षांनी पुन्हा बघू असं ठरवलं. त्या आज गावदेवी मैदानावर चालायला येतात तेव्हा लांबूनच हात करतात. दोघांचाही शून्यच, पण शिक्षिकाबाईंना त्रास नव्हता आणि रबाळ्याच्या गृहस्थांना होता.

म्हणूनच सोसायटीच्या शिबिरात सरसकट पन्नास जणांचा हा स्कॅन करण्याला माझा विरोध आहे. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला स्टॅटिन द्यायचंच असतं, एलडीएल १९० किंवा वर असेल तरी द्यायचंच. स्टेंट किंवा बायपास झालेल्याला तर प्रश्नच नाही. या सगळ्यांच्या स्कॅनने निर्णय बदलत नाही, फक्त काही हजार रुपये जातात. तिशीतल्या मुलांचा स्कोअर जवळजवळ नेहमी शून्य येतो आणि तो कागद दाखवून ते सिगारेट चालू ठेवतात. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या पुरुषांना कॅल्शियम स्कॅन, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल अशा पूर्ण तपासणीला बोलावून पाहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला, पाच-साडेपाच वर्षांत एकूण मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही. स्कॅनचं रेडिएशन फार नसतं, साधारण १ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळतं त्याच्या निम्म्याहून कमी. पण गरोदरपणात नको, आणि दरवर्षीची सवय म्हणून तर मुळीच नको.

दूध आणि नाचणीबद्दल. वाहिनीतलं कॅल्शियम ताटातून येऊन बसलेलं नाही. ते प्लाकमधल्या सुजेमुळे तिथेच बसतं. दूध सोडलं तर ते विरघळणार नाही, उलट हाडं पोसायला लागणारं कॅल्शियम कमी पडेल. नाचणीची भाकरी तुमच्या काठावरच्या साखरेला भाताच्या ढिगापेक्षा बरी आहे, ती का बंद करता? कमी करायचे असतील तर तळण, बेकरीचे पदार्थ, फरसाण आणि वरून घेतलेलं मीठ. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी हाडांसाठी दिल्या असतील तर त्यांना विचारून घ्या, स्वतःहून घेऊ नका. आणि एक कळकळीची विनंती. ‘सलाइन लावून बायपासशिवाय ब्लॉकेज साफ’ अशा जाहिराती तुम्हाला रिक्षाच्या मागे दिसतील. त्या उपचाराला चीलेशन म्हणतात. त्याने वाहिन्यांमधलं कॅल्शियम निघून जातं असं कुठल्याही नीट केलेल्या अभ्यासात दिसलेलं नाही. निवृत्तीचे पैसे त्यात घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

गोळी सुरू केल्यावर ‘स्कोअर कमी झाला का बघू’ म्हणून परत स्कॅन करू नका. तो कमी होणार नाही, बहुधा वाढेल. स्टॅटिनने ओल सुकते आणि डागडुजी घट्ट होते. घट्ट म्हणजे घन, आणि घनतेनेच तर गुणतात. १९० चा ठिपका २१० झाला की १ ऐवजी २ ने गुणला जातो, आकडा दुप्पट. प्रत्यक्षात तो ठिपका आधीपेक्षा पक्का झालेला असतो, फुटण्याची भीती कमी. हे माहीत नसल्यामुळे ‘गोळी घेऊनही वाढलं’ म्हणून गोळी सोडून दिलेले लोक येतात. तुमची प्रगती एलडीएल, बीपी, साखर आणि पोटाचा घेर यांत मोजायची.

भाऊ ४२ चा. त्याला आज स्कॅनला पाठवू नका. आधी रिकाम्या पोटी साखर, तीन महिन्यांची साखर, लिपिड, क्रिएटिनिन, दोनदा बीपी. त्यासोबत लायपोप्रोटीन (ए) ही रक्ततपासणी, जी आयुष्यात एकदाच केली तरी पुरते. हा कोलेस्टेरॉलचा जन्मजात प्रकार आहे, वडिलांकडून येऊ शकतो, आणि नेहमीच्या लिपिड रिपोर्टमध्ये दिसत नाही. तुम्हीही करून घ्या. वडिलांचा इतिहास त्याचाही आहे आणि आता तुमचा ८४ सुद्धा त्याच्या फाइलीत जातो. एलडीएल खूप वाढलेलं निघालं किंवा मधुमेह निघाला तर त्याला सरळ गोळी, स्कॅनची गरज नाही. सगळं काठावर निघालं आणि डॉक्टर अडले, तर मग स्कॅन. त्या वयात शून्य आला तरी वडिलांमुळे तीन ते पाच वर्षांनी पुन्हा विचार करावा लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आणि तो मशेरी लावत असेल किंवा गुटखा खात असेल तर सगळ्या तपासण्यांच्या आधी ते बंद.

शेवटी तुमच्या रिपोर्टमधली एक ओळ, जी बहुतेक कुणीच वाचली नाही. ८४ च्या खाली, तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे: उजव्या फुफ्फुसात ४ मिलिमीटरचा कॅल्सिफाइड ठिपका. हृदयाच्या स्कॅनमध्ये आजूबाजूचं फुफ्फुस आपोआप येतं आणि आपल्याकडे अशा खुणा खूप निघतात, बहुतेक कधीतरी होऊन गेलेल्या, न कळलेल्या क्षयाच्या. पूर्ण कॅल्सिफाइड असेल तर त्याला काही करायचं नसतं. रेडिओलॉजिस्टनी तसंच लिहिलं आहे आणि माझंही तेच मत आहे. पण पुढे कधी छातीचा सीटी करायची वेळ आली तर ‘हा ठिपका जुनाच आहे’ हे दाखवायला आजचा स्कॅन लागेल. त्याची सीडी सेंटरमधून मागून घ्या, कागदी रिपोर्टबरोबर फाइलीत ठेवा, आणि पुढचं लिपिड झालं की ती फाइल घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.